बाकाखालचा पत्रव्यवहार

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दर पावसाळ्यात एक सूचना लागते. वर्गात भ्रमणध्वनी वापरताना आढळल्यास तो जप्त करण्यात येईल व पालकांच्या उपस्थितीतच परत मिळेल. 'भ्रमणध्वनी' हा शब्द त्या सूचनेखेरीज मला कुठेही भेटलेला नाही. प्राध्यापक मोबाईल म्हणतात, शिपाईमामा मोबाईल म्हणतात, आमच्या वाडीतली म्हातारी माणसे फोन म्हणतात. सूचना लागली की चार दिवस सगळे फोन दप्तरात जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा बाकाखाली येतात.

'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध आपण सर्वांनी दहावीपर्यंत दोन-तीनदा तरी लिहिलेला आहे. अर्ध्या पानात वरदान, अर्ध्या पानात शाप आणि शेवटी 'अति तेथे माती'. तो पुन्हा लिहिण्याचा माझा विचार नाही. बाकाखाली चालणारा हा पत्रव्यवहार मुळात कसा चालतो, तो कोणत्या लिपीत होतो, त्यात काय काय असते, आणि तो जबरदस्तीने बंद केला तर महाड-पोलादपूरच्या मुलांचे, विशेषतः मुलींचे काय होते, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. 1985 च्या सुमारास जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाचे एक अभियंते टंकलेखन यंत्रावर मनाला येतील ती वाक्ये टंकित करून त्यांतली अक्षरे मोजत बसले होते. फोनवरून लेखी निरोप पाठवायचा तर त्याला किती जागा द्यावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांची बहुतेक वाक्ये 160 अक्षरांच्या आत संपत होती. पोस्टकार्डांवरचे मजकूरही त्यांनी विचारात घेतले, तर तेही बहुधा 150 अक्षरांच्या आतच असत. त्यावरून 160 ही मर्यादा ठरली. म्हणजे मेसेजचा पूर्वज पोस्टकार्डच. पहिला मेसेज 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये गेला आणि त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकले.

या निरोपाला अक्षरे कमी का, याचे कारण त्याच्या वाटेत आहे. आपण बोलत नसतो तेव्हाही फोन अधूनमधून टॉवरला 'मी इथे आहे' असे कळवत असतो. घंटा वाजवण्याचा इशाराही त्याच वाटेने येतो. ही वाट अरुंद, पण बोलण्याच्या वाटेहून वेगळी. तिच्यात जी थोडी जागा शिल्लक होती तीत मेसेज बसवला. म्हणूनच डोंगराच्या आड बोलणे तुटत असले तरी मेसेज कधीकधी जातो. पलीकडचा फोन बंद असेल तर निरोप कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो, पोस्टात टपाल पडून राहावे तसा, आणि फोन चालू झाला की पोचतो. आमच्या वाडीत रेंज फक्त देवळामागच्या आंब्याखाली येते. तिथे संध्याकाळी पाच-सहा जण उभे असतात. दिवसभराचे निरोप त्यांच्या हातात एकामागून एक पडत असतात.

माझ्या आतेभावाची पिढी साध्या बटणांच्या फोनवर वाढली. एका बटणावर तीन-चार इंग्रजी अक्षरे, त्यामुळे 'सी' हवा असेल तर दोनचे बटण तीनदा आणि 'एस' हवा असेल तर सातचे बटण चारदा दाबायचे. ही मुले हात खिशात ठेवून, फळ्याकडे बघत, न चुकता लिहीत असत. दिवाळी-दसऱ्याला कंपन्या मेसेजचा जादा दर लावत, म्हणून शुभेच्छा आदल्या दिवशीच जात. 2011 मध्ये ट्राय या सरकारी संस्थेने एका सिमवरून दिवसाला 100 मेसेजची मर्यादा घातली आणि थोड्याच दिवसांत ती 200 केली. उद्देश जाहिरातदारांना आवरण्याचा होता. आतेभाऊ सांगतो की त्याच्या वर्गातल्या काही प्रेमवीरांना हा नियम आपल्यासाठीच केला आहे असे वाटले होते.

आता लिपीची गोष्ट. हा भाग जरा हिशोबाचा आहे, पण वाचकांनी तो सोडू नये, कारण आपण सगळे मराठी रोमन अक्षरांत का लिहितो याचे उत्तर त्यात आहे. यंत्राला शून्य आणि एक या दोनच खुणा कळतात. एका मेसेजमध्ये अशा 1120 खुणा मावतात. इंग्रजी अक्षराला 7 खुणा पुरतात, म्हणून 160 अक्षरे बसतात. देवनागरी अक्षराला 16 खुणा लागतात, म्हणून अक्षरे बसतात फक्त 70. त्यातही आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते यंत्राच्या दृष्टीने एक नसते. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्र व, वेलांटी, द, पायमोडका, य, काना, र, पुन्हा पायमोडका, थ आणि वेलांटी असे दहा भाग मोजते. दहा गुणिले सोळा म्हणजे 160 खुणा. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर नऊ अक्षरे, नऊ गुणिले सात म्हणजे 63. पैसे मोजून मेसेज करणाऱ्या मुलाने यातले काय निवडावे? शिवाय पुष्कळ साध्या फोनवर देवनागरी मजकूर पोचला तरी नुसते चौकोन दिसत. मराठी मुलांनी आपली लिपी सोडली ती इंग्रजीच्या हौसेने, असे वर्गात ऐकवले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. लिपी महाग होती म्हणून ती सुटली.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि निरोप व्हॉट्सॲपवर गेले. तिथे 70 अक्षरांची अट नाही, चौकोन दिसत नाहीत, मराठी कळफलक फुकट मिळतो. कारण संपले, सवय मात्र राहिली. माझ्या वर्गाच्या गटावर आजही दहातले नऊ निरोप रोमन मराठीत असतात.

या सवयीची किंमत आपण दोन ठिकाणी देतो. पहिली उत्तरपत्रिकेत. मेसेजमध्ये शब्द तोडून लिहिल्यामुळे मुलांचे शुद्धलेखन बिघडते, असे प्राध्यापक म्हणतात. पण परीक्षेत कोणी शब्द तोडून लिहिल्याचे मी तरी पाहिलेले नाही. बिघाड दुसरीकडे आहे. रोमन लिपीत के, ए, एल ही तीन अक्षरे लिहिली की ती काल, काळ, कळ, कल यांपैकी काहीही असू शकतात. वाचणारा संदर्भाने ओळखतो. ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक लिहायची गरजच उरत नाही. दिवसभर असे लिहिणाऱ्याने परीक्षेच्या तीन तासांत 'मिळून' मधला ऊकार पहिला की दुसरा हे कुठून आठवावे? हाताला सवयच राहिलेली नसते.

दुसरी किंमत घरात द्यावी लागते. माझी आई चौथीपर्यंत शिकली. एस.टी.ची पाटी, रेशनकार्ड, लग्नपत्रिका ती अक्षर लावून लावून वाचते. रोमन मराठी तिच्या दृष्टीने नुसत्या रेघोट्या. माझ्या वडिलांची नोकरी मुंबईत, एका गोदामात. वाडीतल्या सात-आठ जणांबरोबर ते गाळ्यात राहतात. पूर्वी त्यांचे पत्र यायचे, ते देवनागरीत असे आणि आई ते स्वतः वाचायची. उशीर लागला तरी चालेल, पण दुसऱ्याकडून वाचून घ्यायची नाही. घरात फोन आला, मी आणि वडील रोमन मराठीत लिहू लागलो, आणि आई या पत्रव्यवहारातून बाहेर पडली. आता ती बोलून निरोप पाठवते. तो वर्गात ऐकता येत नाही, म्हणून तिने घंटांची भाषा ठरवली आहे. एक घंटा वाजून थांबली तर सगळे ठीक, दोनदा वाजली तर सुटीत फोन कर. गेल्या दिवाळीपासून मी घरच्या निरोपांसाठी देवनागरी कळफलक लावला आहे. वेळ जास्त लागतो. पण आई आता वाचते, आणि 'पोचले' ऐवजी 'पोचली' लिहिले गेले तर विचारतेही, कोण पोचली गं?

आता बाकाखालच्या पत्रव्यवहारात असते काय? एका दिवशी तासांच्या वेळात माझ्या फोनवर आलेले निरोप मी घरी जाऊन वहीत उतरवले. बरेचसे निव्वळ टवाळकी होते. कोणाच्या डब्यात काय आहे, अमक्या सरांनी आज कोणता शर्ट घातला आहे, हसणारी तोंडे, रील. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यामध्ये असेही निरोप होते : साडेतीनची गाडी आज येणार नाही, दोनच्या गाडीने निघा. अर्थशास्त्राच्या नोट्सचा फोटो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख. आणि एका मैत्रिणीचा निरोप, 'पप्पांचा फोन लागत नाही, ओटीपी गेला.'

या शेवटच्या निरोपाचा अर्थ ज्यांचे आईवडील शिकलेले आणि घरातच असतात त्यांना चटकन कळणार नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. तिथे आधारशी जोडलेल्या नंबरावर सहा अंकी आकडा येतो आणि तो काही मिनिटांतच भरावा लागतो. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला आहे, कारण आधार काढले तेव्हा घरात तो एकच फोन होता. वडील मुंबईत कामावर, मुलगी महाडच्या नेट कॅफेत रांगेत, तिच्यामागे आणखी दहा जण. आकडा वडिलांच्या खिशात वाजतो, त्यांनी तो बघायचा आणि कळवायचा. मुकादम समोर असेल तर ते फोन काढत नाहीत. मुदत संपते आणि मुलगी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. तिने तासाला बसून, बाकाखाली, 'आज दीड वाजता फोन हातात ठेवा' असे वडिलांना लिहिले तर तो वर्गाचा अपमान आहे की अभ्यासाचाच भाग, हे सूचनाफलकाला ठरवता येत नाही.

शिवाय हा फोन आमच्या हातात दिला कोणी, हेही आठवावे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. सरकारने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असा कार्यक्रम काढला आणि धडे व्हॉट्सॲपवर येऊ लागले. त्यातच 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांची वीज आणि फोन बरेच दिवस गेले. मी तेव्हा नववीत जाणार होते. घरात एकच साधा फोन होता. वडिलांनी हप्त्यावर नवा घेतला, तो शाळेने सांगितले म्हणून. आंब्याखाली बसून मी भूमितीची प्रमेये चार बोटांच्या पडद्यावर शिकले. सिंधुदुर्गात तर एका विद्यार्थिनीला रेंजसाठी टेकडीवर झोपडी बांधून दिली, अशी बातमी तेव्हा आली होती. ज्या वस्तूशिवाय शिक्षण नाही असे दोन वर्षे सांगितले, तीच वस्तू तिसऱ्या वर्षी दप्तरात दिसली तर गुन्हा झाला. आमच्या पालकांना हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

म्हणून बाकाखालचे सगळे चांगलेच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालात म्हटले आहे की फोनमुळे एकदा विचलित झालेले लक्ष पुन्हा लागायला वीस मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. आपला तास पाऊण तासाचा. दोन निरोप आले की तास संपला. फ्रान्सने 2018 मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोनला कायद्याने बंदी केली. मला स्वतःला निरोपापेक्षा त्या दोन निळ्या खुणांचा त्रास जास्त वाटतो. निरोप वाचला गेला हे पाठवणाऱ्याला लगेच दिसते, आणि मग उत्तर न देणे हा उर्मटपणा ठरतो. पत्राला आठ दिवसांनी उत्तर आले तरी कोणी रागावत नसे. आज आठ मिनिटे झाली की 'राग आला का?' असे विचारणारा दुसरा निरोप येतो. इतिहासाच्या तासाला सर दुसऱ्या बाजीरावाबद्दल सांगत असतात, आणि शेजारची मैत्रीण मान खाली घालून कुणाची तरी समजूत काढत असते. ती बाजीरावालाही मुकते आणि समजूतही निघत नाही.

महाराष्ट्रातल्या काही गावांनी यावर उपाय करून पाहिले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेने 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे वेगळा उपाय निघाला. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो, तेव्हापासून दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यास करायचा, असे गावाने ठरवले. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण त्यात मोठी माणसेही फोन ठेवतात. बंदी फक्त मुलांना घातली की मुले ती चुकवण्यात हुशार होतात. आणि आमच्याकडे ती मुलींना घातली जाते आणि मुलग्यांच्या बाबतीत विसरली जाते.

इथे मला एक खरी हकिगत सांगितली पाहिजे. माझ्या ओळखीची एक मुलगी जवळपासच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला होती. फोन तिच्या भावाचा, तो तिला अधूनमधून मिळे. एकदा तासाला तिच्या हातात फोन सापडला आणि जप्त झाला. निरोप काय होता, तर उद्या कोणत्या धड्याची तोंडी आहे. नियमाप्रमाणे पालकांना आणायला सांगितले. वडील सुरतेला. आईची लावणी चाललेली, आणि 2023 पासून बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाले असले तरी दिवसाची मजुरी अर्धी बुडत नाही, पूर्ण बुडते. पाचव्या दिवशी काका गेले. त्यांनी फोन ताब्यात घेतला आणि बाहेर येऊन तिथेच सगळे निरोप वाचले. वर्गाच्या गटात मुलगेही होते, एवढे पुरेसे झाले. पुढच्या सोमवारपासून ती आली नाही. बारावीची परीक्षा तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. इंग्रजी घरी शिकवणारे कोणी नव्हते. त्या विषयात ती राहिली. तिला मागे आणण्यासाठी बाईंनी दोनदा निरोप पाठवला, पण तो ज्या फोनवर जायचा तो आता काकांकडे होता.

नियम करणाऱ्यांच्या मनात असे काही नसणार, याची मला खात्री आहे. ज्या घरात आई किंवा वडील शिक्षकांशी बोलून, हसून, मुलीला टप्पल मारून फोन परत आणतात, तशी घरे समोर ठेवून तो नियम झाला आहे. आमच्या घरांत 'पालकांना घेऊन या' हा निरोप पोचला की तो फोनबद्दल राहत नाही, मुलीच्या शिकण्याबद्दल होतो.

दुसरी गोष्ट आपल्या तालुक्यांची. 22 जुलै 2021 ला महाड शहर पुराच्या पाण्यात होते. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. वीज गेली, फोन बंद पडले, तळियेला बाहेरची पथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. मुंबईच्या गाळ्यांतून माणसे रात्रभर नंबर फिरवत होती. माझे वडील त्यांच्यात होते. आता सरकारने टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी इशारा देण्याची सोय केली आहे. हा नेहमीचा मेसेज नव्हे. त्याला नंबर लागत नाही, तो एकेकाकडे न जाता एकदम सगळीकडे पसरतो, आणि फोन कर्कश वाजतो. त्याच्या चाचण्या 2023 मध्ये झाल्या तेव्हा आमच्या वर्गातली सगळी दप्तरे एकदम ओरडली होती, आणि त्या दिवशी कोणाचाही फोन जप्त झाला नाही. त्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पावसाळ्यात आमच्यातले निम्मे दरडीखालच्या वाड्यांतून येतात. फोन गोळा करून, बंद करून, पेटीत कुलूप लावून ठेवला तर हा इशारा पेटीलाच मिळेल.

या सगळ्याचा विचार करून आम्ही काही मुलींनी या वर्षी प्राचार्यांना एक अर्ज दिला आहे. फोन तासाला दप्तरातच असावा, हे आम्ही मान्य केले आहे. जप्त झालेला फोन त्याच दिवशी शेवटच्या तासानंतर विद्यार्थ्याच्या हाती परत मिळावा, पालकांना बोलावू नये. पावसाळ्यात कार्यालयातला एक फोन सतत चालू असावा आणि गाड्या रद्द झाल्या तर फळ्यावर लिहावे. वर्गाच्या गटावर येणाऱ्या महाविद्यालयाच्या सूचना देवनागरीत असाव्यात, म्हणजे घरी त्या वाचता येतील. चौथी मागणी वाचून एक सर हसले आणि म्हणाले, आधी तुम्ही लिहा. आम्ही त्यांना तो अर्जच दाखवला. दोन पाने, हाताने लिहिलेली, आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मराठीच्या बाईंकडून तपासून घेतलेले.

अर्ज कार्यालयात आवक नोंदवहीत चढला आहे. उत्तर यायचे आहे.